परवान्याची पत राखा!

मुंबईच्या विमानतळांची थोरवी गाणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. २०१४ साली सहारचे नवे टर्मिनल सुरू झाले तेव्हा त्याच्या छताची आणि भिंतींवरील कलाकृतींची वर्णने ऐकून आमचे कान तृप्त झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो या विमानतळाच्या पायाशी आली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती थेट कफ परेडला जाऊन पोहोचली. त्याच महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून तेथूनही प्रवाशांची विमाने उडू लागली. ही सारी कामे मोठी आहेत. त्यांचे श्रेय ज्याचे त्याला लाभो! परंतु या वैभवाला एक सीमा आहे, आणि ती सीमा म्हणजे विमानतळाचे बाहेर पडण्याचे दार. त्या दारापर्यंत सर्व काही जागतिक दर्जाचे असते. त्या दाराबाहेर पाऊल टाकले की बाजार सुरू होतो, आणि त्या बाजारात विकावयाचा माल असतो खुद्द प्रवासी!

सामानाची ढकलगाडी घेऊन तो बिचारा बाहेर येतो न येतो तोच ‘टॅक्सी, साहेब?’ हा मंत्र त्याच्या दोन्ही कानांत घुमू लागतो. हा मंत्र म्हणणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसतो, छातीवर बिल्ला नसतो आणि पुष्कळदा त्याच्याजवळ टॅक्सीही नसते. असते ती फक्त जीभ! ‘प्रीपेडला तासभर रांग आहे’, ‘मीटरची गाडी इतक्या लांब येत नाही’, ‘तुमचा रस्ता आज बंद आहे’, ‘मोबाइलवरची गाडी आत सोडत नाहीत’ अशी चार असत्ये चार दिशांनी त्याच्यावर फेकली जातात. पाचवा माणूस तोपर्यंत त्याची बॅग उचलून चालूही लागलेला असतो. बॅग पुढे आणि धनी मागे अशी ही वरात वाहनतळाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबते. तेथे पांढऱ्या पाटीची एक खाजगी मोटार उभी असते. भाडे किती, हा प्रश्न अर्ध्या वाटेत निघतो आणि त्याचे उत्तर प्रवाशाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरते.

विमानाने फिरणाऱ्यांची ही दुखणी सामान्य माणसाने कशाला उगाळावीत, असे कोणी म्हणेल. हा समज जुना झाला आहे. आज विमानातून उतरणारी सारी मंडळी धनिक नसतात. दोन वर्षे आखातात राबून, दोरीने आवळलेली खोकी घेऊन परतणारा रत्नागिरीचा गवंडी त्यांत असतो. परळच्या टाटा रुग्णालयात बापाच्या उपचारासाठी ईशान्य भारतातून आलेला, मराठी सोडाच पण हिंदीही धड न येणारा मुलगा त्यांत असतो. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी नागपुराहून आलेली तरुणी त्यांत असते. परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाहून एकटी परतणारी सातारची वृद्धा त्यांत असते. यांच्यापैकी कोणाच्याही दिमतीला मोटार येत नाही. शिवाय परदेशची कितीतरी विमाने उतरतात मध्यरात्रीनंतर. त्या वेळी मेट्रो झोपलेली असते आणि लोकलची शेवटची गाडी निघून गेलेली असते. अशा घटकेला टॅक्सी ही चैन राहत नाही; ती एकमेव वाट असते. ज्याला दुसरी वाट नाही त्याला लुबाडणे सर्वांत सोपे असते, आणि म्हणूनच त्याचे रक्षण करणे हे राज्याचे सर्वांत पहिले कर्तव्य ठरते.

हे रक्षण करण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी एक साधे व शहाणपणाचे साधन निर्माण करून ठेवले आहे. त्याचे नाव परवाना. टॅक्सीचा परवाना म्हणजे केवळ शिक्का मारलेला कागद नव्हे. परक्या माणसाने परक्या माणसाच्या गाडीत रात्री दोन वाजता निर्धास्तपणे बसावे यासाठी सरकारने मध्ये उभे राहून दिलेला तो जामीन आहे. टॅक्सीची पाटी पिवळी असते व तिच्यावरील आकडे काळे असतात, विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असतात. म्हणजे ही गाडी भाड्याने चालवण्यास पात्र आहे हे दुरूनही कळावे. चालकाजवळ बिल्ला असतो. म्हणजे हा मनुष्य कोण, कोठला, याची नोंद सरकारदप्तरी आहे. गाडीत मीटर असतो, त्याची तपासणी झालेली असते आणि त्याला सील ठोकलेले असते. भाड्याचा दर चालकाच्या लहरीवर किंवा प्रवाशाच्या गरजेवर अवलंबून नसतो. मुंबई महानगर प्रदेशासाठी नेमलेले परिवहन प्राधिकरण तो ठरवते.

१ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरचे २० रुपये ६६ पैसे ठरले. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर एक चतुर्थांश अधिक. हा हिशेब शाळेतल्या पोराला करता यावा इतका सोपा आहे. पंचवीस किलोमीटरच्या फेरीचे दिवसाचे भाडे या दराने सुमारे ५१७ रुपये होते, रात्रीचे सुमारे ६४६. ज्याला हे दोन आकडे ठाऊक आहेत त्याच्याकडे तीन हजार रुपये मागण्यास दलालाची जीभ सहसा रेटणार नाही. दलालाचे सारे भांडवल प्रवाशाच्या अज्ञानात आहे. आणि ते अज्ञान दूर करण्यासाठी लागतो काय? सामान मिळते त्या दालनात, सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी टांगलेला एक फलक!

खाजगी गाडीत बसणाऱ्या प्रवाशाचे केवळ पैसेच जातात असे नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून प्रवासी वाहतूक करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे. अशा गाडीस अपघात झाला तर ती खाजगी वापरासाठी विमा उतरवलेली असून भाड्याने धावत होती, या सबबीवर भरपाईचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात लोंबकळू शकतो. गाडीत पाकीट राहिले, किंवा त्याहून वाईट प्रसंग ओढवला, तर चालकाचे नाव कोणत्याही दप्तरात सापडत नाही. परवानाधारक टॅक्सीत बसणारा मनुष्य भाड्याबरोबर या सर्व गोष्टींची हमी विकत घेत असतो. ‘टॅक्सी काय, कोणाचीही सारखीच’ असे म्हणणारे ही हमी विसरतात.

येथवर आम्ही जे म्हटले त्यावर कोणाचा आक्षेप असेल असे वाटत नाही. अडचण पुढे आहे. परवाना नसलेल्या दलालावर कितीही कोरडे ओढले तरी एक प्रश्न उरतोच. परवाना असलेला टॅक्सीवाला तरी त्या हमीला जागतो काय? प्रामाणिक टॅक्सीवाले या शहरात हजारोंनी आहेत. विसरलेली दागिन्यांची पिशवी शोधत शोधत घरी आणून देणाऱ्या चालकांच्या कथा मुंबईकरांच्या घरोघर ऐकू येतात, आणि त्या खऱ्या आहेत. पण विमानतळावर उतरून ‘अंधेरी स्टेशन’ किंवा ‘कुर्ला’ असे दोन शब्द उच्चारण्याचे धाडस ज्याने केले आहे, त्याचा अनुभवही तितकाच खरा आहे. चालकाची मान आडवी हलते. कधी गॅस संपलेला असतो, कधी गाडी बदलायची वेळ झालेली असते, तर कधी सरळच ‘जवळचे भाडे नाही’ असे ऐकावे लागते. भाडे नाकारणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यास दंडही आहे, टॅक्सीसाठी पाचशे रुपयांपर्यंत आणि रिक्षासाठी अवघा पन्नास रुपयांपर्यंत! ज्या गुन्ह्याचा दंड पन्नास रुपये, तो गुन्हा आहे असे खुद्द सरकारला तरी मनापासून वाटते काय, याची शंका यावी.

तथापि केवळ टॅक्सीवाल्यास शिव्या घालून मोकळे होणे हा आमचा धर्म नव्हे. त्याच्या जागी क्षणभर बसून पाहणेही अवश्य आहे. विमानतळावरील टॅक्सीवाला रस्त्यावरून हिंडत गिऱ्हाईक शोधत नाही. तो रांगेत लागतो. त्या रांगेत तास जातो, दोन तास जातात, गर्दी नसेल तेव्हा त्याहूनही अधिक जातात. उन्हात पत्रा तापतो, पावसात काचेवर धुके साचते. स्वच्छतागृहाला जावे तर रांगेतली जागा जाण्याचे भय. अशा तपश्चर्येनंतर त्याचा पाळीक्रम येतो आणि देव प्रसन्न होतो तो कसा? प्रवासी म्हणतो, साडेचार किलोमीटर. मीटर दाखवतो ९३ रुपये. तीन तासांच्या प्रतीक्षेचे ९३ रुपये! त्यातून गॅस वजा करा, गाडी मालकाची असेल तर त्याचा रोजचा हिस्सा वजा करा, आणि मग त्या मनुष्याने प्रवाशाकडे हसतमुखाने पाहावे अशी अपेक्षा करा! त्याच्या मागे उभा असलेला चालक मात्र केवळ नशिबाने कुलाब्याचे भाडे मिळवतो व पाच-साडेपाचशे रुपये खिशात घालून जातो. दोघांचे कष्ट सारखे, दोघांचा परवाना सारखा, फळ मात्र सोडतीसारखे. भाडे नाकारण्याचे मूळ या सोडतीत आहे. चालकांच्या नीतीवर प्रवचने झोडून ते उपटले जाणार नाही.

दराच्या बाबतीतही सरकारचा व्यवहार न्याय्य राहिलेला नाही. २०१५ साली टॅक्सीचे किमान भाडे २२ रुपये होते. ते २५ रुपये झाले २०२१ च्या मार्चात. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे इंधन वाढले, सुटे भाग महागले, मुलांच्या शाळेची फी वाढली, पण टॅक्सीवाल्याचा मीटर मात्र जागच्या जागी! पुढे २०२२ च्या ऑक्टोबरात २८ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ३१ असे टप्पे झाले. दर ठरवण्याचे सूत्र कसे असावे यासाठी आधी हकीम समिती आणि मग खटुआ समिती अशा दोन समित्या सरकारनेच नेमल्या होत्या. सूत्र हाती असताना वर्षानुवर्षे निर्णय लांबवावयाचा आणि मग एकदम तीन रुपये वाढवून प्रवाशांचा रोष चालकांकडे वळवावयाचा, हा कारभार दोन्ही पक्षांस घातक आहे. कायदेशीर दर जेव्हा पोट भरण्यास अपुरा पडतो, तेव्हा बेकायदेशीर दर मागण्यास माणसाला एक नैतिक सबब मिळते. ती सबब सरकारने आपण होऊन पुरवू नये.

यावर काढलेला एक तोडगा म्हणजे प्रीपेडची खिडकी. तोडगा चांगला आहे. प्रवाशाने आधी पैसे भरावे, हातात पावती घ्यावी, तीवर गाडीचा क्रमांक असावा आणि वाटेत घासाघीस होऊ नये. भाडे मीटरच्या भाड्याहून काहीसे अधिक पडते. पण निर्धास्तपणाची ती किंमत बहुतेक प्रवासी आनंदाने देतात. मात्र या योजनेचे मर्म एका गोष्टीत आहे. पावतीचा चालकाचा भाग प्रवास संपल्यावरच त्याच्या स्वाधीन करावयाचा. तो हाती असेपर्यंत प्रवाशाच्या हाती लगाम असतो. गाडीत बसताक्षणी तो देऊन टाकला की लगाम सुटला. हे परगावच्या प्रवाशाला कोण सांगणार? खिडकीवरच्या कारकुनाने सांगावे, पावतीवर ठळक अक्षरांत छापावे. तसेच त्या खिडकीपर्यंत प्रवासी पोहोचण्यापूर्वी त्याला चार दलालांची फळी ओलांडावी लागत असेल, तर ती खिडकी असून नसल्यासारखी होय. औषधाचे दुकान गावाबाहेर आणि भोंदू वैद्य घराच्या उंबरठ्यावर, अशी ही तऱ्हा आहे!

दुसरा तोडगा काळाने आणला. तो म्हणजे मोबाइलवरून बोलावण्याची टॅक्सी. तिचे गुण आम्ही नाकारीत नाही. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, जाण्याचा मार्ग आणि अंदाजे भाडे ही सारी माहिती प्रवाशाला गाडीत पाय ठेवण्यापूर्वीच मिळते. जे काम परवान्याने करावयाचे होते ते काम एका यंत्राने करून दाखवले आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या आळसाला चपराक दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या यंत्राने एक जुनी, मोलाची गोष्ट हळूच काढून घेतली. ती म्हणजे ठरलेला दर. पाऊस पडला की भाडे वाढते. एकाच वेळी चार विमाने उतरली की भाडे वाढते. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत चालेल असे म्हटले होते. २०२५ च्या सूचनांनी ती मर्यादा दुपटीपर्यंत नेली. म्हणजे प्रवासी जितका अधिक अडलेला, तितका दर अधिक, हे तत्त्व आता राजमान्य झाले! वाहनतळाच्या कोपऱ्यातला दलालही याहून निराळे काय करतो? तो चेहरा पाहून आकडा सांगतो, हे यंत्र गर्दी पाहून सांगते. आणि या वाढीचा किती वाटा चाक हाकणाऱ्याच्या हाती पडतो, याविषयी ते चालकच समाधानी नाहीत. २०२५ च्या जुलैत त्यांनी मुंबईत संप केला आणि मागितले काय? काळ्यापिवळ्या टॅक्सीसारखा, सरकारने ठरवलेला दर! जुन्या परवान्याच्या पद्धतीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

यावरून आमचे म्हणणे स्पष्ट व्हावे. जुनी टॅक्सी की नवी टॅक्सी, हा खरा प्रश्न नाही. प्रीमियर पद्मिनी या शहराची लाडकी होती. तिची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. गाड्या येतील आणि जातील. टिकले पाहिजे ते परवान्यामागचे वचन. ठरलेला दर, ओळखीचा चालक, नकार नाही आणि तक्रारीला दाद, हे ते चार कलमी वचन होय. हे वचन चालक, प्रवासी आणि सरकार या तिघांमधले आहे, आणि सर्वांत आधी व सर्वांत अधिक ते मोडले आहे सरकारने. कारण इतर दोघे आपापल्या पोटापाण्याच्या ओढीने वागतात. तिसऱ्याला तशी कोणतीच सबब नाही.

मग करावे काय? आमच्या मते पहिला उपाय जवळच्या भाड्याचा. जो टॅक्सीवाला जवळची फेरी निमूटपणे स्वीकारील, त्याला एक टोकन द्यावे, आणि ठरावीक वेळेत तो परत आला तर त्याला रांगेच्या शेपटाशी न पाठवता पुढे घ्यावे. ही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथील विमानतळांवर अशा प्रकारची सवलत पूर्वीपासून चालत आलेली आहे. तीस पैसा लागत नाही. लागते ते शिस्तीचे मोजमाप, आणि आज प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपणारे कॅमेरे फाटकाफाटकावर असताना ते मोजमाप अवघड नाही. या एका टोकनाने नशिबाची सोडत बंद होईल. त्यानंतरही जो नाकारील, त्याच्यावर कारवाई करताना कोणाचेही मन कचरण्याचे कारण उरणार नाही.

दुसरा उपाय ज्ञात भाड्याचा. पॅरिसमध्ये २०१६ पासून विमानतळ ते शहर या फेरीचे भाडे ठरवून दिलेले आहे. नदीच्या कोणत्या काठाला जावयाचे एवढे सांगितले की आकडा ठरला. न्यूयॉर्कला केनेडी विमानतळापासून मॅनहॅटनपर्यंत असेच एकरकमी मूळ भाडे असते. तेथे पहिल्यांदा उतरलेल्या मराठी माणसालाही कोणी त्याबाबत सहजी फसवू शकत नाही; कारण आकडा जगजाहीर आहे. मग तोच माणूस स्वतःच्या राज्याच्या राजधानीत परतल्यावर का फसावा? दादर, परळ, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ठाणे, वाशी, पनवेल अशी दहा-वीस ठिकाणे घेऊन त्यांची दिवसाची व रात्रीची भाडी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत मोठ्या अक्षरांनी लावावीत. आणि ती सामानाच्या पट्ट्यासमोर लावावीत, बाहेरच्या खांबामागे नव्हे. अत्तरांच्या आणि घड्याळांच्या जाहिरातींना जेथे भिंतीच्या भिंती मिळतात, तेथे या फलकाला चार हात जागा मिळू नये काय?

तिसरा उपाय दाद देण्याचा. तक्रार-क्रमांक आपल्याकडे उदंड झाले. दाद मात्र दुर्मीळ आहे. परगावचा प्रवासी दोन दिवसांनी आपल्या वाटेने निघून जातो, तो तारखांना येणार नाही, हे लुबाडणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून विमानतळावरच परिवहन खात्याचा अधिकारी व वाहतूक पोलीस यांचे एक संयुक्त ठाणे अहोरात्र असावे. पावती व गाडीचा क्रमांक दाखवताच जादा घेतलेली रक्कम परत करवून देण्याचा अधिकार त्याला असावा, आणि दर महिन्यास किती तक्रारी आल्या, किती बिल्ले निलंबित झाले, याचा हिशेब त्याच ठाण्याच्या दारावर लावावा. दलालांच्या बाबतीत तर दयामाया नको. एका दिवसाच्या धाडीने ते चार दिवस पांगतात व पाचव्या दिवशी परत येतात. जेथे एकही कोपरा कॅमेऱ्यावाचून नाही, तेथे रोज तीच माणसे तोच धंदा करीत राहतात. ती कोणाला दिसत नाहीत असे मानण्याइतका भोळेपणा आमच्यापाशी नाही. ती दिसतात. प्रश्न एवढाच, की दिसूनही न दिसल्याचे सोंग कोण घेतो आणि कशासाठी?

चौथा उपाय चालकाला माणूस म्हणून वागवण्याचा. प्रतीक्षेच्या तळावर छप्पर, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि रास्त दराचे उपाहारगृह या गोष्टी उपकार म्हणून देण्याच्या नाहीत. विमान कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी जेथे मऊ खुर्च्यांची विश्रामदालने आहेत, तेथे त्या पाहुण्यांना घरी नेणाऱ्यासाठी एक बाक असावा, ही मागणी अवास्तव म्हणता येईल काय? याबरोबरच दरवर्षी ठरलेल्या तारखेस, ठरलेल्या सूत्राने भाड्याचा फेरविचार व्हावा. मग ते वाढो, स्थिर राहो वा उतरो. ज्याला न्याय मिळतो त्याच्याकडूनच न्यायाची अपेक्षा करता येते.

हे सर्व आज सांगण्याचे विशेष कारण नवी मुंबईचा विमानतळ हे आहे. जुन्या विमानतळावरच्या खोडी मुरलेल्या आहेत. त्या मोडण्यास कष्ट पडतील. पण नव्या जागेच्या सवयी अजून पडावयाच्या आहेत. पहिल्या दोन-चार वर्षांत तेथे जी रीत पडेल ती पुढची पन्नास वर्षे चालेल. रांग पडली तर रांग चालेल. टोळी पडली तर टोळी चालेल. ज्या गावांनी या विमानतळासाठी घरे आणि शेते दिली, त्या गावांतील तरुणांचा तेथील टॅक्सीच्या धंद्यावर पहिला हक्क आहे, असे आम्हांस वाटते. पण तो हक्क त्यांना परवाना, बिल्ला, प्रशिक्षण आणि वाहनासाठी सुलभ कर्ज या मार्गाने मिळाला पाहिजे. तसे न केल्यास तेच तरुण उद्या कोणाच्या तरी आश्रयाने दाराशी उभे राहून प्रवाशांच्या बॅगा ओढू लागतील, आणि मग त्यांना दलाल म्हणून झोडपण्यात आपण सारे पुढे असू. भूमिपुत्राला परवानाधारक करावयाचे की दलाल, हा निर्णय सरकारच्या हाती आहे आणि तो आजच करण्याचा आहे.

प्रवाशांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पांढऱ्या पाटीच्या मोटारीत बसू नका, मग ती कितीही थंडगार असो. मीटर सुरू झालेला स्वतः पाहा. प्रीपेड असेल तर पावती मुक्कामाला पोहोचेपर्यंत हातची सोडू नका. गाडीचा क्रमांक घरच्या माणसाला कळवा. नियमाने होणारे भाडे देताना घासाघीस करू नका आणि त्याहून कमी भाड्याच्या लोभाने बेकायदा गाडी शोधू नका. दलाल जसा अज्ञानावर जगतो तसा तो लोभावरही जगतो. शंभर रुपये वाचवण्यासाठी आपण त्याच्या मागे जातो तेव्हा रांगेत तीन तास उभ्या राहिलेल्या परवानाधारकाच्या ताटातला घास आपण काढून घेत असतो, आणि मग तोच चालक उद्या आपणांस नाकारतो तेव्हा आपण तक्रार करतो! प्रामाणिकपणाला गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो बाजारातून उठून जातो.

परिवहन खात्याला, विमानतळाच्या चालकांना आणि टॅक्सीवाल्यांच्या संघटनांना आमची एवढीच मागणी आहे. तिघांनी एकत्र बसावे आणि टोकन, फलक व ठाणे या तीन गोष्टी येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही विमानतळांवर सुरू कराव्यात. यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको, परदेशी दौरा तर मुळीच नको. लागेल तो निश्चय. या शहराने कोट्यवधी रुपये ओतून आकाशातून येणाऱ्याचे स्वागत केले आहे. आता त्याला जमिनीवरून सुखरूप, ठरल्या भाड्यात, घरापर्यंत पोहोचवण्याची हिंमत दाखवावी. सरकारच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून जो गाडीत बसतो त्याचा विश्वासघात झाला तर तो केवळ एका टॅक्सीवाल्याने केलेला नसतो; तो त्या शिक्क्याने केलेला असतो. त्या शिक्क्याची पत राखा!